गजकर्ण, लाल माती आणि वस्तादांची शिस्त

दिवाळीत गावी गेलो होतो. आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यात. उसाचा पट्टा आणि कुस्तीचा नाद, दोन्ही या भागात भरपूर. चैत्र-वैशाखात यात्रा सुरू झाल्या की गावोगाव कुस्त्यांचे हगामे भरतात. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि दिवस मावळताना मोठ्या इनामाची जोड लागते. 2025 साली महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या अहिल्यानगर शहरात झाल्या, तेव्हा आमच्या गावातली निम्मी तरुण पोरं तिकडेच होती.

माझा पुतण्या नववीत आहे. पहाटे पाचला तालमीत जाणारा हा मुलगा त्या दिवाळीत मात्र घरात बसून होता. विचारलं तर बोलेना. वहिनींनी सांगितलं, "भाद्रपदातल्या शालेय स्पर्धेला गेला होता. वजनाच्या वेळी डॉक्टरांनी हातावरचा डाग पाहिला आणि खेळू दिलं नाही. तेव्हापासून असाच आहे."

त्यानं बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयापेक्षा मोठं, कडा उचललेलं, लालसर कडं होतं. मधला भाग बराचसा साफ. दुसरं कडं मानेवर, तिसरं कमरेला लंगोटाच्या पट्ट्याखाली. आजीच्या दंडावर आणि धाकट्या बहिणीच्या पाठीवरही तसंच एकेक होतं. गजकर्ण. गावाकडे त्याला गचकरण म्हणतात, कुणी नायटा म्हणतं.

"कधीपासून आहे?"

"आषाढापासून, काका. पण वस्तादांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बसवलं असतं."

या शेवटच्या वाक्यात तालमीतल्या साथीचं निम्मं शास्त्र आहे. उरलेलं निम्मं समजून घेऊ.

मेलेल्या कातडीवर जगणारी बुरशी

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर जिवंत नसतो. मेलेल्या, चपट्या पेशींचे पंधरा-वीस पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. त्यांत केराटिन नावाचं चिवट प्रथिन भरलेलं असतं. केस, नखं, जनावरांची शिंगं आणि खूर याच प्रथिनाचे. केराटिन पाण्यात विरघळत नाही आणि बहुतेक सूक्ष्मजीवांना ते पचवता येत नाही. म्हणूनच ते आपलं चिलखत होऊ शकतं.

बुरशींच्या एका छोट्या गटानं मात्र हे चिलखत खाण्याची कला साधली आहे. या बुरशी केराटिन फोडणारी विकरं बाहेर सोडतात आणि विरघळलेलं अन्न शोषून घेतात. ट्रायकोफायटॉन ही त्यांतली आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारी प्रजाती. ही बुरशी सहसा मेलेल्या थराच्या खाली उतरत नाही. पण तिची विकरं आणि इतर रसायनं खालच्या जिवंत थरापर्यंत झिरपतात. शरीर त्यांना विरोध करतं. त्या विरोधातून लाली येते, खाज सुटते.

मग कडंच का उमटतं? ऊस तुटून गेल्यावर रानातलं पाचट पेटवलेलं तुम्ही पाहिलं असेल. मधोमध काडी टाकली की आग चहूबाजूंनी बाहेर सरकते. जाळाची कड पेटती असते आणि मागे काळं, विझलेलं रान राहतं. बुरशीही एका बिंदूपासून सर्व दिशांना वाढते. मधल्या भागात शरीराचा विरोध संघटित झालेला असतो, म्हणून तिथं ती मागे हटते. कडेला ताजं केराटिन असतं, तिथं ती जोमात असते. डॉक्टर तपासणीसाठी खरवड घेतात ती या कडेची, मधली नव्हे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. बुरशीचे बीजाणू अंगाला चिकटल्यापासून कडं दिसेपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात. म्हणजे आज दिसणारं कडं हे आजच्या कुस्तीचं फळ नसतं, ते दोन आठवड्यांपूर्वीच्या कुस्तीचं असतं. मधल्या काळात तो मुलगा रोज तीन-चार जणांशी लढलेला असतो. साथ नेहमी आपल्या नजरेच्या दोन आठवडे पुढे धावत असते.

कुस्तीगीरच का?

रोगजंतूला एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जायला काय काय हवं याची यादी मुलांना करायला सांगा. कातडीला कातडी घासली पाहिजे. ती ओली आणि उबदार असली तर उत्तम. वरचा थर थोडा खरचटलेला असला तर आणखी उत्तम. आणि हे रोज, त्याच त्याच माणसांत घडलं पाहिजे. यादी पूर्ण झाली की ते तालमीचंच वर्णन झालेलं असेल.

म्हणून कुस्तीगीरांचे त्वचारोग जगभर सारखेच आढळतात. त्यांना कारणीभूत असणारे जंतू तीन जातींचे असतात.

पहिली बुरशी, म्हणजे गजकर्ण. जपानमध्ये 2001 च्या सुमारास ज्यूदो आणि कुस्ती खेळणाऱ्या विद्यार्थ्यांत ट्रायकोफायटॉन टॉन्शुरन्स या बुरशीची साथ पसरली. तिथल्या संशोधकांना असं आढळलं की काही मुलांच्या डोक्यात ही बुरशी कोणतंही लक्षण न दाखवता राहते. मुलगा धडधाकट दिसतो, पण त्याच्या केसांत फिरवलेल्या ब्रशवरून बुरशी वाढवता येते. दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं.

दुसरे जीवाणू. गळू, केसतूड, पिवळ्या खपल्या धरणारे पुवाळलेले फोड यांमागे बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो. सुमारे तीस टक्के निरोगी माणसांच्या नाकात तो मुक्कामाला असतो आणि काही त्रास देत नाही. पण कातडी खरचटली की तो आत शिरतो. 2003 साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या फुटबॉल संघात पाच खेळाडूंना औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसची गळवं झाली. सगळी गळवं कृत्रिम हिरवळीवर घसरून खरचटलेल्या जागी होती.

तिसरे विषाणू. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाणीदार फोड येतात, तो हर्पिस सिम्प्लेक्स. (नागीण करणारा विषाणू याचा भाऊबंद, पण वेगळा.) कुस्तीत गालाला गाल आणि मानेला मान घासते, त्यामुळे हे फोड कुस्तीगीरांच्या चेहऱ्यावर, मानेवर, दंडावर उठतात. 1989 साली अमेरिकेत मिनेसोटा इथे चार आठवड्यांचं कुस्ती शिबिर भरलं होतं. 175 मुलांपैकी 60 जणांना हा आजार झाला, म्हणजे तीन मुलांत एकाला. अंगावर पुरळ असलेल्या जोडीदाराशी आपण लढलो, असं सांगणाऱ्या मुलांत लागणीचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. हा विषाणू एकदा शिरला की मज्जातंतूंच्या गाठींत आयुष्यभर दडून राहतो आणि पुन्हा पुन्हा वर येऊ शकतो. डोळ्यापर्यंत गेला तर दृष्टीला धोका. चार दिवसांची चालढकल आयुष्यभराला पुरते ती अशी.

माती औषध की माती दोषी?

पुतण्याला घेऊन तालमीत गेलो. वस्तादांनी माझ्याबद्दल ऐकलं होतं. "डॉक्टर आहात ना? मग बघा की आमची पोरं." मी औषधाचा डॉक्टर नव्हे, प्रयोगशाळेतला आहे, हे समजावून सांगेपर्यंत विसेक मुलं उघड्या अंगानं रांगेत उभीही राहिली. सात-आठ जणांच्या अंगावर कडी होती. त्यांतल्या निम्म्यांनी ती मातीनं झाकली होती.

"आमच्या हौदातल्या मातीत हळद आहे, ताक आहे, लिंबू आहे, कापूर, तेल, काव सगळं आहे," वस्ताद म्हणाले. "आम्ही लहानपणी अंगाला काही उठलं की हीच माती चोळायचो. मातीनं कधी रोग होत नाही."

या श्रद्धेला हसून चालणार नाही. तिची तपासणी करावी.

ताकानं आणि लिंबानं माती थोडी आंबट होते. आम्लात बरेच जीवाणू वाढू शकत नाहीत, हे खरं. म्हणून तर लोणचं टिकतं. पण बुरशीचं काय? रेमों साबुरो या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञानं सव्वाशे वर्षांपूर्वी गजकर्णाच्या बुरशी वाढवण्यासाठी एक खाद्य तयार केलं. ते आजही प्रयोगशाळांत वापरतात. त्याचा सामू मुद्दाम 5.6 च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी ठेवलेला असतो. हेतू असा, की जीवाणू मागे पडावेत आणि बुरशीला मोकळं रान मिळावं! आपल्या त्वचेचा सामूही पाचच्या आसपास असतो आणि ही बुरशी तिथं सुखानं नांदते. थोडक्यात, आंबट माती जीवाणूंना थोडी फार अडवेल, गजकर्णाला नाही.

हळदीचं काय? हळदीतलं कर्क्युमिन परीक्षानळीत अनेक जंतूंची वाढ रोखतं. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि उन्हात नष्ट होतं. कपड्यावरचा हळदीचा डाग दोन दिवस उन्हात टाकला की फिका पडतो, हे प्रत्येक घरात माहीत आहे. हौदातल्या काही ब्रास मातीत मिसळलेली काही किलो हळद, कुस्तीच्या एका पकडीपुरती अंगाला लागणार. तेवढ्यानं कातडीत रुतलेली बुरशी मरेल अशी आशा धरता येत नाही.

मग माती दोषी आहे का? तसंही नाही. मातीत केराटिन खाणाऱ्या काही बुरशी मुळातच राहतात. गळून पडलेले केस, पिसं, खूर हे त्यांचं अन्न. मातीवर निर्जंतुक केलेले केस पसरून ठेवले की काही आठवड्यांत त्यांवर या बुरशी उगवतात. व्हानब्रुझेगेम या संशोधकानं 1952 मध्ये ही रीत सुचवली. (हा प्रयोग शाळेत करू नये, बीजाणू हवेत उडतात.) पण मातीतल्या या मूळ रहिवाशांमुळे माणसाला गजकर्ण क्वचितच होतं. तालमीत पसरते ती माणसावर राहायला सरावलेली बुरशी, आणि ती मुख्यतः अंगावरून अंगावर जाते. अंगपुसण्यातून, लंगोटातून, अंथरुणातून जाते. गळून पडलेल्या कातडीच्या कणांत तिचे बीजाणू कित्येक महिने तग धरतात.

मातीबाबत एक सावधगिरी मात्र नक्की हवी, ती धनुर्वाताची. जनावरांच्या शेणातून त्याचे बीजाणू मातीत येतात. हा रोग एकाकडून दुसऱ्याला होत नाही, पण खरचटलेल्या जखमेतून होऊ शकतो. लसीकरणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी लस आहे. तालमीत जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यानं ती घेतली आहे का, हे शिक्षकांनी जरूर विचारावं.

तीन औषधांची नळी

पुतण्यानं घरातून एक मलमाची नळी आणून दाखवली. दुकानातून मागून आणलेली. "लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते. बंद केलं की दुप्पट येतं."

नळीवरची बारीक अक्षरं वाचली. बुरशीचं औषध, जीवाणूंचं औषध आणि एक तीव्र स्टेरॉइड. तिन्ही एकत्र. घोटाळा तिसऱ्याचा आहे. स्टेरॉइड बुरशीला मारत नाही, शरीराच्या विरोधाला दाबतं. लाली आणि खाज ही त्या विरोधाची खूण असते. ती गेली म्हणजे रोग गेला असं वाटतं. खरं तर पहारेकऱ्याला झोपवलेलं असतं आणि चोर आत मोकळा फिरत असतो. कड्याची ओळखीची आकृतीही मोडते, इतकी की डॉक्टरही चकतात. अशा वेश पालटलेल्या गजकर्णाला 1968 मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी वेगळं नावच दिलं, त्याचा अर्थ 'न ओळखू येणारं गजकर्ण'. दीर्घकाळ वापरलं तर कातडी पातळ होते, तिच्यावर कायमचे चट्टे उमटतात. 2018 साली केंद्र सरकारनं चौदा स्टेरॉइडांच्या मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीचं बंधन घातलं, ते याच गैरवापरामुळे.

हे प्रकरण आता तालमीपुरतं राहिलेलं नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतभर गजकर्णाचं रूप पालटलं आहे. पूर्वी दोन ते चार आठवड्यांत आटोपणारा उपचार आता कित्येकदा दोन महिने आणि त्याहूनही लांबतो. यामागच्या बुरशीला 2020 साली जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए असं स्वतंत्र नाव दिलं. तपासलेले नमुने भारतीय आणि नेपाळी रुग्णांचे होते, म्हणून नावात 'इंडो'. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध बुरशीच्या एका विकराला जाऊन चिकटतं आणि तिच्या पेशीपटलाचं बांधकाम थांबवतं. या नव्या बुरशीच्या अनेक वाणांत त्या विकरातल्या साखळीतला एखादाच दुवा, एखादंच अमिनो आम्ल बदललेलं असतं. तेवढ्यानं किल्ली कुलपाला बसेनाशी होते. 2023 मध्ये अमेरिकेतही या बुरशीचे रुग्ण सापडले.

अर्धवट उपचार आणि मनाचं मलम यांतून असे वाण निवडले जाण्याची भीती वाढते. जीवशास्त्राच्या तासाला नैसर्गिक निवडीचं उदाहरण शोधायला गॅलापागोस बेटांवर जायची गरज नाही. ते आपल्या वर्गातल्या मुलाच्या कोपरावर असू शकतं.

तालमीचे नियम

पुतण्याला, आजीला आणि बहिणीला एकाच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. घरातल्या एकावरच उपचार केला तर उरलेल्यांकडून रोग परत येतो. इकडे तालमीत वस्तादांबरोबर बसून काही नियम ठरवले. नवीन असं त्यांत फारसं नव्हतं. जुन्या तालमीची शिस्तच, फक्त जंतूंच्या बाजूनं पुन्हा तपासलेली.

1. रोज हौदात उतरण्यापूर्वी अंगाची पाहणी. उजेडात, माती लावण्याआधी. मान, कानामागे, काखा, कंबर, जांघा आणि डोकं. जोडीदारानंच जोडीदाराचं अंग पाहायचं.

2. लंगोट, अंगपुसणं, साबण, वस्तरा ज्याचा त्याचा. लंगोट रोज धुवायचा, उन्हात पूर्ण वाळवायचा. बाधित मुलाचे कपडे वेगळे, आणि शक्यतो 60 अंशांच्या वरच्या, म्हणजे हात घालवणार नाही इतक्या कढत पाण्यात.

3. घाम जिरला की लगेच आंघोळ. साबण बीजाणूंना मारत नाही, पण कातडीत रुजण्याआधी त्यांना वाहून नेतो. इथं आमच्या भागाची खरी अडचण येते. पर्जन्यछायेतला तालुका, उन्हाळ्यात टँकर. पंधरा लिटरची एक बादली धरली तर वीस मुलांना तीनशे लिटर, म्हणजे दोनशे लिटरची दीड पिंपं लागतात. रोज! वस्तादांनी तोड काढली. आधी कोरड्या हातानं माती खरडून काढायची, मग तांब्याभर पाण्यात साबण, मग अर्धी बादली. दीडशे लिटरांत भागलं. वापरलेलं पाणी बाजूच्या नारळांना.

4. आंघोळीनंतर जांघा, काखा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. ओल ही बुरशीची पहिली गरज.

5. नखं कापलेली. खरचटलं की साबणानं धुवायचं आणि झाकायचं.

6. तालमीत गादी असेल तर तिचा पृष्ठभाग आणि बसायची बाकं रोज निर्जंतुक करायची. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर इथं कामाला येते. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के उपयुक्त क्लोरीन असतं. आपल्याला 0.1 टक्का द्रावण हवं, म्हणजे लिटरमध्ये एक ग्रॅम क्लोरीन. तेव्हा पावडर लागेल लिटरला तीन ग्रॅम, दहा लिटरच्या बादलीला तीस ग्रॅम. (आठवीच्या मुलांना हे गणित करायला द्या.) वरची निवळी घ्यायची, गादी दहा मिनिटं ओली ठेवायची, मग साध्या पाण्यानं पुसायची. द्रावण रोज ताजं, हवेशीर जागी आणि मोठ्या माणसानंच करायचं. त्यात संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू सुटतो. मातीच्या हौदात मात्र हे ओतायचं नाही. तिथं माती रोज खणून उलथवणं, कोरडी ठेवणं आणि केस-कचरा वेचून काढणं एवढंच.

7. कडं, पाणीदार फोड किंवा पू दिसला तर त्या दिवसापासून जोड बंद. परत हौदात उतरायचं ते डॉक्टरांनी सांगितल्यावर.

पहिले सहा नियम वस्तादांनी लगेच मान्य केले. सातव्यावर अडले. "पोरगं महिनाभर बसवलं की अंग मोडतं त्याचं. हगामे तोंडावर आलेत. आणि असं बसवायला लागलो तर उद्या कोण सांगेल अंगावर उठलंय म्हणून?"

प्रश्न अगदी योग्य होता. पुतण्यानं आषाढात हाच हिशेब केला होता. सांगितलं तर बसावं लागेल. म्हणून त्यानं लपवलं, झाकलं, मलम चोपडलं, आणि तीन महिन्यांत ते सात जणांपर्यंत आणि घरात पोचलं. शेवटी बसावं लागलंच, तेही स्पर्धेच्या दिवशी.

मी त्यांना मिनेसोटाचीच पुढची गोष्ट सांगितली. 2007 साली त्या राज्यातल्या शालेय कुस्तीगीरांत हर्पिसची साथ पुन्हा आली. दहा संघांतले चोवीस खेळाडू आजारी होते. तेव्हा एकेकाला शोधत न बसता राज्यभरातली शालेय कुस्ती आठ दिवस बंद ठेवली गेली. आठ दिवसांत लागण झालेल्यांच्या अंगावर फोड दिसून आले, त्यांना वेगळं काढता आलं आणि साथ आटोक्यात आली. आठ दिवस सगळ्यांनी थांबून उरलेला मोसम वाचवला. गजकर्णाला एवढे दिवस पुरत नाहीत, कारण त्याचा दबा धरून बसण्याचा काळ लांब. पण तत्त्व तेच.

वस्ताद थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "जोड बंद म्हणजे तालीम बंद नव्हे ना?"

तोडगा त्यांचाच होता. ज्याच्या अंगावर काही आहे त्यानं पहाटे यायचंच. जोर, बैठका, दोर चढणं, धावणं, डावांची पाहणी, सगळं करायचं. फक्त अंगाला अंग लावायचं नाही. त्याची जागा तालमीत राहील, खुराक चालू राहील. आणि जो स्वतः येऊन सांगेल त्याला वस्ताद सगळ्यांदेखत शाबासकी देतील. लपवलेलं सापडलं तर मात्र शंभर बैठका जास्त! या शेवटच्या कलमाला शास्त्राचा आधार नव्हता, पण मी हरकत घेतली नाही.

वर्गात करून पाहा

स्पर्शानं जंतू कसे पसरतात हे मुलांना डोळ्यांनी दाखवता येतं. चमचाभर खोबरेल तेलात चिमूटभर हळद कालवा. वर्गातल्या एका मुलाच्या मनगटाजवळ हे तेल पुसट चोळा. दहा-बारा जणांचा गट करा. पहिल्यानं दुसऱ्याच्या मनगटाला मनगट घासायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या, असं शेवटापर्यंत. मग प्रत्येकाचं मनगट पांढऱ्या सुती कापडाच्या वेगळ्या तुकड्यानं पुसा. त्या तुकड्यावर साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या दाट पाण्याचे दोन थेंब टाका. हळद असेल तिथं कापड लालसर होईल. डोळ्यांना पिवळं न दिसणाऱ्या मनगटांच्या चिंध्याही लाल होतात का, ते पाहा.

प्रयोग तीन वेळा करा. दुसऱ्या वेळी चौथ्या मुलानं आपलं मनगट साबणानं धुऊन मगच पुढच्याला लावायचं. तिसऱ्या वेळी सगळ्यांनी एकाच अंगपुशानं मनगट पुसायचं. तिन्ही वेळा किती चिंध्या लाल झाल्या ते मोजा. नंतर मुलांना विचारा: हळद आणि बुरशी यांत मोठा फरक कोणता? उत्तर असं, की हळद प्रत्येक हाताला वाटली जाऊन कमी होत जाते. बुरशी प्रत्येक अंगावर पुन्हा वाढते. म्हणून साखळी कितीही लांबली तरी ती आपोआप विझत नाही. कुणीतरी मध्ये थांबावं लागतं.

पुतण्या माघापर्यंत थांबला. औषध त्यानं कडं दिसेनासं झाल्यावरही डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस चालू ठेवलं. चैत्रात गावच्या हगाम्यात त्याची जोड लागली आणि तो हरला, चितपट. दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला, तर मागून त्याचा आवाज ऐकू येत होता. तो धाकट्या बहिणीला ओरडत होता, माझं अंगपुसणं कुणी घेतलं म्हणून.